भरती-ओहोटीचं वेळापत्रक : दिवाडी, चोडण आणि जुवे



आजचा विषय बाहेरच्या फळ्यावर वाचून एका जुन्या मित्राने मला दारातच अडवलं. म्हणाला, "सर, बेलापुरात बेटांवर व्याख्यान? आपल्याकडे समुद्र कुठाय?" प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे प्रवरा आहे, ऊस आहे, समुद्र नाही. आणि 'बेलापूरहून बोटीने जायचंय' असं कुणाला फोनवर सांगितलं, तर तो दुसरंच बेलापूर समजतो. पनवेलच्या खाडीकाठचं, नवी मुंबईतलं. आपलं बेलापूर असं की इथल्या माणसाने होडीचं नाव काढलं तर समोरच्याला चूक वाटते.

पण माझ्या आयुष्यातली पहिली होडी मी इथेच पाहिली. तिची गोष्ट शेवटी सांगेन. आधी एका सहलीबद्दल बोलतो.

गेल्या हिवाळ्यात नातीने टूम काढली. "आबा, गाडी घेऊन बेटांवर जाऊ या. गाडीसकट बोटीत चढायचं, एका बेटावर उतरायचं, तिथून दुसऱ्या बोटीने पुढच्या बेटावर." परदेशातल्या कुठल्यातरी सहलीचा व्हिडिओ तिने पाहिला होता. मी म्हटलं, करू या की. पण सगळी आखणी मी करणार. निवृत्त प्राध्यापकाला एवढं काम मिळालं की तो महिनाभर खूश असतो.

नकाशा पसरला आणि पहिली अडचण आली. मला आधी कोकण आठवलं. तिथे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटी आहेत. मुंबईत भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला २०२० पासून रो-रो जाते. पुढे दक्षिणेला दिघी-आगरदांडा आहे, वेसवी-बागमांडले आहे, दाभोळ-धोपावे आहे, तवसाळ-जयगड आहे. एकेक खाडी ओलांडत किनाऱ्याने खाली उतरता येतं, आणि तो प्रवास फार सुंदर आहे. पण त्या खाड्या आहेत. या काठावरून त्या काठावर. तिथे जी खरी बेटं आहेत, जंजिरा, पद्मदुर्ग, सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग, ती किल्ल्यांची. तिथे माणूस होडीने जातो, गाडी काठावर ठेवून. शिवाय पावसाळ्यात त्या होड्या बंद. म्हणजे नातीची अट, बेटही हवं आणि गाडीही हवी, कोकणात पुरी होईना.

ती पुरी होते गोव्यात. समुद्रावर नाही, मांडवी नदीच्या मुखाजवळ. तिथे नदी फाटे फोडते, फाटे पुन्हा एकमेकांना मिळतात, आणि मधे बेटं उरतात. तिसवाडी, दिवाडी, चोडण, कुंभारजुवे, जुवे. तिसवाडी म्हणजे ज्यावर पणजी आणि जुने गोवे वसलेत ते. पणजीला गेलेल्या कितीजणांना आपण बेटावर उभे होतो हे ठाऊक असतं? पूल झाला की बेटाचं बेटपण डोळ्यांना दिसत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, मी त्याच्याकडे परत येणार आहे.

आता आखणी सांगतो, कारण तुमच्यापैकी कुणी जाईल तर उपयोगी पडेल. बेलापूर ते पणजी सहाशे किलोमीटरच्या आसपास अंतर आहे. एका दमात जाऊ नका. पहिला मुक्काम कोल्हापूर, दुसऱ्या दिवशी आंबोली घाटाने सावंतवाडी आणि पणजी. तिसरा दिवस बेटांचा. सकाळी जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीने दिवाडी. दिवाडी बेट गाडीने ओलांडायचं, दुसऱ्या टोकाला पुन्हा फेरी, आणि नदीपलीकडे डिचोली तालुक्यातलं नार्वे. नार्व्याहून मयेमार्गे रस्त्याने चोडण. त्या बाजूने चोडणला पूल आहे. मग चोडण बेट ओलांडून शेवटची फेरी रायबंदरला. दोन बेटं, तीन फेऱ्या, एक दिवस. चौथा दिवस जुव्यासाठी आणि फोंड्यासाठी. मग परतीचा प्रवास.

कागदावर हे सगळं दुपारपर्यंत उरकेल असं वाटतं. अंतरं फार थोडी आहेत. नातीने मोबाइलवर हिशेब केला आणि म्हणाली, "आबा, इतक्या वेळात तर आपण चार बेटं करू." मी म्हटलं, "बाळ, मोबाइलला रस्ता मोजता येतो. वाट पाहणं मोजता येत नाही." फेरी समोरच्या काठावर असेल तर ती येईपर्यंत थांबायचं. पुढे बारा गाड्या असतील तर पुढच्या खेपेला थांबायचं. पाण्यावरचा प्रवास पाच-दहा मिनिटांचा असतो, पण त्याच्या अलीकडे धक्क्यावर एक निराळं घड्याळ चालतं. आणि मंडळी, या प्रदेशाचा सगळा इतिहास त्या घड्याळाने चाललेला आहे. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे. पाणी ही भिंत नव्हे. पाणी हा दरवाजा आहे. तो ठरावीक वेळी उघडतो, ठरावीक वेळी मिटतो, आणि ज्याला ती वेळ कळली त्याच्या हातात इतिहास आला.

चला, पहिल्या धक्क्यावर जाऊ.

जुन्या गोव्यात दिवाडीच्या फेरीकडे जाताना वाटेत एक कमान लागते. व्हाइसरॉयची कमान. वास्को द गामाचा पणतू फ्रान्सिस्को द गामा हा व्हाइसरॉय असताना, सोळाव्या शतकाच्या अगदी शेवटी ती बांधली गेली. कमानीवर वास्को द गामाची मूर्ती आहे. लिस्बनहून नवा व्हाइसरॉय आला की गलबतातून उतरून याच कमानीखालून शहरात शिरायचा. म्हणजे पाहा, एवढ्या मोठ्या राजधानीचा मुख्य दरवाजा जमिनीकडे उघडत नव्हता, नदीकडे उघडत होता. आपल्याकडे वेशी असतात त्या रस्त्यावर. नगरच्या किल्ल्याचा दरवाजा आठवा. इथे वेस पाण्यावर. कारण राज्य आलं ते पाण्यावरून आणि टिकलं ते पाण्यामुळे. १५१० मध्ये आल्बुकर्कने जे जिंकलं ते मुख्यतः ही बेटं. पोर्तुगीज या भागाला 'इल्हास' म्हणत, त्याचा अर्थच बेटं. बार्देश आणि साष्टी पुढे त्यांच्याकडे आली. डिचोली, फोंडा, पेडणे तर त्यानंतर सव्वादोनशे-अडीचशे वर्षांनी.

याचा अर्थ नीट समजून घ्या. सोळाव्या शतकात दिवाडी पोर्तुगीजांचं होतं आणि समोर दिसणारं डिचोली आदिलशाहीत होतं. मधे फक्त नदी. आज आपण ज्या फेरीत चढतो, चहाचा एक कप संपेपर्यंत पलीकडे पोचतो, ती तेव्हाची दोन राज्यांमधली सरहद्द होती.

आणि ही सरहद्द कुणी कुणी ओलांडली? माणसांनी ओलांडली, हे तर झालंच. देवांनीही ओलांडली.

दिवाडीवर सप्तकोटीश्वराचं देऊळ होतं. गोव्याच्या कदंब राजांचं हे दैवत. ते आपल्या बिरुदातच सप्तकोटीश्वराच्या कृपेने वर लाभलेले असं स्वतःला म्हणवत, आणि त्यांच्या नाण्यांवरही तसा उल्लेख येतो. चौदाव्या शतकात बहामनी स्वारीत ते देऊळ पडलं. त्याच शतकाच्या अखेरीस विजयनगरच्या माधवमंत्र्याने ते पुन्हा उभं केलं. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी पाडलं. तेव्हा भक्तांनी लिंग नदीपार नेलं आणि डिचोलीच्या बाजूला ठेवलं. त्या जागेचं नावही नार्वे. कारण दिवाडीवर देऊळ जिथे होतं त्या गावाचं नाव नार्वे. देव गेला आणि गावाचं नाव बरोबर घेऊन गेला.

हा काही एकच देव नव्हे. मंगेश कुठ्ठाळीहून, जुन्या कुशस्थळीहून, प्रियोळला गेला. लता मंगेशकरांच्या आडनावातलं मंगेशी ते हेच. शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला गेली. त्यांना जुवारी ओलांडावी लागली. फोंड्याच्या परिसरात एवढी देवळं एकमेकांच्या शेजारी का आहेत, असं आपल्याकडच्या यात्रेकरूंना नेहमी वाटतं. त्याचं उत्तर नदीत आहे. पलीकडचा काठ दुसऱ्या राज्याचा होता, म्हणून. रात्रीच्या अंधारात, वल्ह्यांचा आवाज होऊ न देता कुणीतरी होडी हाकली असेल. त्या तारवाल्यांची नावं कुठल्याच दप्तरात नाहीत. इतिहासात राजांची नावं राहतात, पण देव पलीकडे नेला तो होडी चालवणाऱ्याने.

दिवाडी बेटावर आज तुम्ही गाडी चालवत जाल तर टेकडीवरचं पिएदादचं चर्च दिसेल, भाताची खाचरं दिसतील, जुनी सुबक घरं दिसतील. पाटीवर गावाचं नाव वाचल्याशिवाय तुम्हाला काही कळणार नाही. पण गोकुळाष्टमीला नार्व्याच्या काठावर लोक नदीत स्नानाला जमतात. देऊळ जाऊन साडेचारशे वर्षं झाली, देव पलीकडे गेला, तरी स्नानाची जागा लोकांनी सोडली नाही.

दुसरी फेरी आपल्याला पलीकडच्या नार्व्याला नेते. तिथलं सप्तकोटीश्वराचं देऊळ मी पाहिलं आणि थोडा वेळ काही बोललोच नाही. आपल्याला हेमाडपंती देवळांची सवय. हे देऊळ लहान, साधं, वर घुमट, समोर दीपमाळ. २०२३ मध्ये पुरातत्त्व खात्याने त्याचा जीर्णोद्धार पुरा केला आहे. दारावर एक शिलालेख आहे. १३ नोव्हेंबर १६६८ या दिवशी शिवाजी महाराजांनी या देवळाच्या उभारणीला आरंभ केला, असा त्याचा आशय.

तारीख पाहा. १६६८. आग्र्याहून सुटून महाराजांना दोन वर्षं झालीत, राज्याभिषेकाला अजून सहा वर्षं आहेत. आणि याच सुमारास महाराजांची माणसं थोडी थोडी करून गोव्यात शिरत होती, आतून उठाव करायचा बेत होता, तो पोर्तुगीज गव्हर्नरला कळला आणि फसला. म्हणजे एकाच हंगामात दोन गोष्टी. एक बेत पाण्यापलीकडे पोचू शकला नाही, आणि पाण्याच्या अलीकडे एक देऊळ उभं राहिलं. मला असं वाटतं की हे देऊळ त्या न झालेल्या मोहिमेचं उत्तर आहे. नदीपलीकडून पोर्तुगीजांना दिसेल अशा प्रदेशात महाराजांनी दगडावर कोरून ठेवलं, की तुम्ही पाडलंत ते आम्ही बांधतो. हे माझं अनुमान आहे, पुरावा नव्हे. तत्त्वज्ञानाचा माणूस आहे मी, अनुमान आणि प्रत्यक्ष यांची गल्लत केली तर माझे गुरू वर बसून कान धरतील.

आता जुवे. पोर्तुगीज त्याला सांतो इस्तेव्हाँव म्हणायचे, गोव्यातले लोक सांत इस्तेव्ह म्हणतात, आणि जुनं नाव जुवे. कोकणीत जुवें म्हणजेच बेट. आज तिथे पुलावरून जाता येतं, फेरीची गरज नाही. आम्ही चौथ्या दिवशी गेलो. गाडी पुलावरून गेली तेव्हा नात म्हणाली, "आलं पण बेट? कळलंच नाही." मी म्हटलं, "हेच ते. आणि इथेच आपला राजा वाहून जाता जाता वाचला."

१६८३ साल. पोर्तुगीज व्हाइसरॉय, आल्व्होरचा काउंट फ्रान्सिस्को द ताव्होरा, फोंड्याच्या किल्ल्यावर चालून गेला. आत येसाजी कंक आणि त्यांचा मुलगा कृष्णाजी लढत होते. संभाजी महाराज स्वतः मदतीला आले आणि व्हाइसरॉयला वेढा उठवून परत पळावं लागलं. हे झालं नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात. आता मराठ्यांनी काय करावं? समोर तिसवाडी, तिच्यावर राजधानी. मधे पाणी. पोर्तुगीजांची गलबतं पाण्यावर. त्यांना वाटत होतं, पाणी आहे तोवर आपण सुरक्षित.

२४ नोव्हेंबरच्या रात्री ओहोटी होती. ओहोटीच्या वेळी मराठ्यांची मोजकी माणसं पाण्यातून चालत जुव्यावर गेली आणि तिथला किल्ला त्यांनी घेतला. जुवे म्हणजे राजधानीचं अगदी दार. जुन्या गोव्यात घबराट उडाली, चर्चच्या घंटा वाजू लागल्या. दुसऱ्या दिवशी व्हाइसरॉय स्वतः सैन्य घेऊन बेट परत घ्यायला आला. मार खाल्ला, जखमी झाला, आणि कसाबसा होडीत बसून निसटला.

त्याला पकडायला महाराजांनी घोडा पाण्यात घातला. पण तोवर भरती चढत होती. रात्री जो दरवाजा उघडा होता तो आता मिटत होता. घोड्याचे पाय सुटले, घोडा पोहू लागला, वाहू लागला. तेव्हा खंडो बल्लाळ चिटणीसांनी पाण्यात उडी टाकून घोडा धरला आणि महाराजांना काठाला आणलं. चिटणीस घराण्याच्या परंपरेतून ही हकीकत आपल्यापर्यंत आली आहे.

मंडळी, हे खंडो बल्लाळ कोण? बाळाजी आवजी चिटणिसांचा मुलगा. आणि बाळाजी आवजींना दोनच वर्षांपूर्वी, १६८१ मध्ये, कटाच्या संशयावरून याच संभाजी महाराजांच्या हुकमाने देहदंड झाला होता. वडिलांना ज्याने मारलं त्याचा घोडा भरतीत वाहतोय, आणि हात पुढे करायला क्षणभराचा वेळ आहे. आमच्या वर्गात नीतिशास्त्र शिकवताना पुस्तकातली उदाहरणं मी खूप दिली. हे उदाहरण कधी दिलं नाही याची आज खंत वाटते. त्या माणसाने त्या क्षणी काय विचार केला असेल? मला वाटतं, काहीच केला नसेल. भरती विचाराला वेळ देत नाही. आधी कोण आहोत तेच तिथे बाहेर येतं.

व्हाइसरॉयने काय केलं, तेही प्रसिद्ध आहे. तो बॉम जेझू चर्चमध्ये संत फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीपाशी गेला आणि आपला अधिकारदंड त्याच्यापाशी ठेवला. आता राज्य तूच सांभाळ, अशा अर्थाने. पुढे डिसेंबरात मराठे बार्देशात आणि साष्टीत शिरले. पण राजधानीवर घाव बसायच्या आत जानेवारी १६८४ मध्ये मोगल शहजादा शाह आलम मोठी फौज घेऊन कोकणात उतरला आणि महाराजांना माघारी वळावं लागलं. तिसवाडीचं पाणी ओलांडायची वेळ निघून गेली. आणि त्यानंतर १९६१ पर्यंत पोर्तुगीज तिथून हलले नाहीत. ओहोटीच्या एका रात्री उघडलेला दरवाजा असा मिटला.

हे सगळं सांगितल्यावर मी नातीला नदीकाठचे बांध दाखवले. खाजन म्हणतात त्या जमिनींना. खाडीचं खारं पाणी अडवून मिळवलेली भातशेती. बांधाला एक लाकडी झडप असते, तिला मानस म्हणतात. भरती आली की पाण्याच्या दाबाने ती आपोआप मिटते, ओहोटी लागली की आतलं पाणी तिला उघडून बाहेर जातं. शतकानुशतकं तिथला शेतकरी या झडपेच्या जोरावर पीक घेतोय. जे सेनापतींना एकेका रात्रीसाठी साधलं, ते या शेतकऱ्याने रोजच्या कामात बसवलं.

आता चोडण आणि शेवटची फेरी. चोडणच्या टोकाला डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, १९८८ पासून. कांदळवनाचं छोटंसं जंगल आहे, दोन चौरस किलोमीटरही नाही. ते पाहायचं असेल तर तिथल्याही होडीची वेळ आधी विचारून घ्या. आम्ही ते पाहून संध्याकाळी रायबंदरच्या फेरीच्या रांगेत उभे राहिलो. २०२५ च्या जुलैपासून या मार्गावर मोठ्या रो-रो आल्या आहेत, त्यामुळे रांग आता पूर्वीपेक्षा लवकर सरकते म्हणे. समोर मांडवीवर ऊन उतरत होतं. पलीकडे रायबंदरचे दिवे लागत होते. रायबंदर ते पणजी हा जो रस्ता आपण पुढे धरतो, तो १६३० च्या दशकात लिन्हारेसच्या काउंटने खाजनातून बांधून काढलेला सेतू आहे, तीन किलोमीटरहून लांब. आजही गाड्या त्याच्यावरून धावतात.

रांगेत आमच्या पुढे दुचाकीवर एक गृहस्थ होते, चोडणचेच. मी त्यांना म्हटलं, "काय भाग्यवान आहात, रोज असा प्रवास." ते हसले आणि म्हणाले, "तुमकां एका दिसाची मजा, आमकां सदांचें." मग सांगू लागले. सकाळी कामावर जाताना रांग, पावसात रांग, रात्री घरात कुणी आजारी पडलं तर फेरीची वाट, नाहीतर डिचोलीकडून मोठा वळसा. त्यांना रायबंदरकडे पूल हवा आहे.

त्याच दिवशी सकाळी दिवाडीवर चहाच्या टपरीवर एक आजीबाई भेटल्या होत्या. मी त्यांनाही विचारलं होतं, पूल हवा का? त्या म्हणाल्या, नको बाबा. पूल आला की बाहेरचे येतील, जमिनी विकत घेतील, रात्री-अपरात्री गाड्या फिरतील. शेवटची फेरी गेली की आमचं गाव आपल्या घरी झोपतं.

दोघंही खरं बोलत होते. आणि मी रांगेत उभा राहून कुणाची बाजू घ्यावी याचा विचार करत होतो, तेव्हा मला माझी होडी आठवली. सुरुवातीला सांगतो म्हणालो होतो, ती.

मी आठ-नऊ वर्षांचा असेन. प्रवरेला पूर आला होता. भंडारदऱ्याचं धरण १९२६ पासून वर आहे, पण नदी फुगली की फुगतेच. माझी आत्या पैलतीरी दिलेली. संध्याकाळी काठावरून कुणीतरी हाका मारून निरोप दिला की आत्याची तब्येत फार बिघडली आहे, दादाला पाठवा. वडील काठावर गेले. त्या काळी गुऱ्हाळातली गुळाची काहील पाण्यात सोडून माणसं पलीकडे नेत. काहील म्हणजे गोल, पसरट, लोखंडी. तिला ना नाळ ना सुकाणू. पोहणारे गडी ती ढकलत नेतात. त्या गड्यांनी अंधारात यायला नकार दिला, आणि त्यांचं काही चुकलं नाही. वडील रात्रभर काठावर बसून राहिले. पलीकडे आत्याच्या घरचा कंदील दिसत होता. मी त्यांच्याजवळ घोंगडीत होतो. पहाटे पाणी थोडं उतरलं, काहील सुटली, वडील गेले. पोचले तेव्हा आत्या गेली होती.

म्हणून मंडळी, मला पुलाविरुद्ध बोलता येत नाही. फेरीचं कौतुक करणं हे पलीकडे कुणी आजारी नसलेल्या माणसाचं काम आहे. आमची सहल, तीन फेऱ्या, सूर्यास्त, हे सगळं ज्या विलंबातून मिळालं, तोच विलंब माझ्या वडिलांना त्या रात्री मिळाला होता. पाणी तेच. आपण कुठल्या काठावर, कशासाठी उभे आहोत, एवढाच फरक.

पण आजीबाईंचं म्हणणंही मला सोडता येत नाही. आपल्या वैशेषिक दर्शनात चोवीस गुण सांगितले आहेत. त्यांत 'संयोग' हा एक गुण आहे आणि 'विभाग' हा दुसरा. विद्यार्थी विचारायचे, सर, संयोग नाही म्हणजे विभाग, मग वेगळा गुण कशाला? वैशेषिक म्हणतात, नाही. विभाग म्हणजे नुसता संयोगाचा अभाव नव्हे. वेगळं होणं ही स्वतः एक घटना आहे, ती खरी आहे, तिच्यातूनही पुढे काही घडतं. चाळीस वर्षं मी हे शिकवलं आणि दिवाडीच्या टपरीवर मला ते कळलं. बेट म्हणजे पूल नसलेली जागा नव्हे. त्या वेगळेपणातून तिथे काही घडलेलं असतं. देऊळ तिथून नदीपार जातं, स्नानाची जागा तिथेच टिकते, शेताची झडप बनते, गाव रात्री आपल्या घरी झोपतं. पूल बांधताना हे काय काय आहे याची आधी मोजदाद व्हावी, आणि ती बेटावरच्या माणसांनी करावी. सहलीला आलेल्यांनी नव्हे. इतिहास सांगायला आलेल्या माझ्यासारख्यानेही नव्हे.

तुम्ही गेलात तर एवढं करा. दिवसाला तीनच फेऱ्या ठेवा, चौथी नको. शेवटच्या फेरीची वेळ धक्क्यावर विचारून घ्या, मोबाइलला विचारू नका. फेरीवरचा माणूस हात दाखवेल तशी गाडी लावा. रांगेत इंजिन बंद करा आणि पुढच्या माणसाशी बोला. आणि मागून कुणी आजारी माणसाला घेऊन आलं, तर तुमची गाडी बाजूला घ्या. तेवढी जागा ठेवूनच मुळात उभे राहा.

त्या संध्याकाळी फेरी आली. आम्ही चढलो. नात कठड्याशी उभी होती. मधे नदीत पोचल्यावर तिने विचारलं, "आबा, मग पूल व्हावा की नाही?" मी म्हटलं, "तुझ्या पणजोबांना विचारलं असतं तर ते हो म्हणाले असते." ती म्हणाली, "आणि तुम्ही?" तेवढ्यात फेरीचा पुढचा पत्रा खडखडत धक्क्याला लागला आणि मागच्या गाड्यांनी हॉर्न द्यायला सुरुवात केली. मी उत्तर दिलं नाही. अजून दिलेलं नाही.

प्रश्न असतील तर विचारा. मी इथे थांबतो.